बिनमुकादमाचा वाद्यमेळ

‘रॉक बँड’ हे शब्द कानांवर पडताच वसंत व्याख्यानमालेच्या नेहमीच्या श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या कपाळावर आठी चढते, हे आम्ही जाणून आहोत. लांब केस, कर्कश गिटार, डोळे दिपविणारे दिवे आणि शेजाऱ्यांची झोपमोड, एवढेच त्या शब्दांशी आपल्याकडे निगडित झाले आहे. त्यातून बोलणारा कोण, तर बोईसर-तारापूरच्या कारखान्यांच्या फाटकांबाहेर उभे राहण्यात ज्याचे आयुष्य गेले असा युनियनचा माणूस. वेतनकरार, कंत्राटी कामगार, प्रॉव्हिडंट फंड हे आमचे विषय. संगीताशी तुमचा संबंध काय, असे कुणी विचारले तर तो प्रश्न रास्तच होय. आम्हांला रागज्ञान नाही. पण काम कसे होते, ते कोण करतो, त्यावर नाव कोणाचे लागते आणि हुकूम कोणाचा चालतो, हे पाहण्याची सवय मात्र इतक्या वर्षांत जडली आहे. ‘ब्लॅक फ्रायडे’ या हिंदी चित्रपटासाठी दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ नावाच्या वाद्यमेळाने जे संगीत केले, त्याकडे आम्ही याच सवयीने पाहणार आहोत. शिवाय तो चित्रपट १२ मार्च १९९३ च्या मुंबईचा आहे, आणि ज्या गावांची निम्मी भाकर पश्चिम रेल्वेच्या गाड्यांतून घरी येते त्या आपल्या गावांना तो विषय परका नाही.

प्रथम रॉक बँड म्हणजे काय ते सरळ सांगू. चार-पाच माणसे असतात. एकाच्या हाती विजेवर चालणारी गिटार, दुसऱ्याच्या हाती जाड तारांची व खर्जात बोलणारी बास गिटार, तिसरा ढोलांच्या संचावर, आणि गळा यांतल्याच कुणाचा तरी. विजेच्या गिटारीत जादू काही नाही. पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी बसविलेली असते. तार हलली की गुंडाळीत सूक्ष्म वीजप्रवाह उत्पन्न होतो आणि तो ॲम्प्लिफायरने वाढवून कर्ण्यातून बाहेर काढतात. आपल्या औद्योगिक वसाहतीत मोटरी गुंडाळणाऱ्या कोणत्याही पोराला हे दोन मिनिटांत समजेल. खरा विशेष निराळाच आहे. चांगल्या बँडमध्ये एकाने गाणे रचून बाकीच्यांनी ते वाजवावे अशी रीत नसते. ते सगळ्यांनी मिळून, एकमेकांचे ऐकत, भांडत, पुनःपुन्हा वाजवून तयार होते, आणि तयार झाल्यावर त्यावर नाव लागते ते मेळाचे.

आपल्याला याचे नवल वाटण्याचे कारण नाही. चाळीतले भजनी मंडळ हा असाच मेळ होय. पखवाजवाला पगारी नसतो, पेटीवाला मालक नसतो, आणि टाळकऱ्यांनी लय ओढली तर बुवांना तिच्यामागे जावेच लागते. आमच्या जव्हार-विक्रमगडच्या पाड्यांवरचा तारपा घ्या. दुधीच्या पोकळ भोपळ्याचा व बांबूच्या नळ्यांचा तारपा वाजविणारा मध्ये असतो, हातांत हात गुंफलेली माणसे भोवती फिरतात. वादक नाचणाऱ्यांना चालवितो तितकेच नाचणारेही वादकाला चालवितात. कामगार चळवळीपुरते बोलायचे तर १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी काढलेले ‘लाल बावटा कलापथक’ हेही याच जातीचे. गिटार नव्हती एवढाच फरक. डफ होता, आणि तो फाटकावर जमलेल्या हजारोंना पुरत असे.

याच्या अगदी उलट हिंदी चित्रपटाचे संगीत. तो कारखाना आहे, आणि त्यातली कामाची वाटणी कोणत्याही गिरणीला शोभण्यासारखी आहे. संगीत दिग्दर्शक चाल देतो. अरेंजर नावाचा माणूस ती वाद्यवार कागदावर उतरवितो. मग चाळीस-पन्नास वादक पाळीवर येतात, समोरचा कागद वाजवितात, दिवसाचे पैसे घेऊन घरी जातात. आपण वाजविले ते कोणत्या प्रसंगावर बसणार, नायिका मरते की तिचे लग्न होते, हे पुष्कळदा त्यांच्या गावीही नसे. मुंबईत कित्येक वर्षे या वादकांत व अरेंजरांत गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींचा मोठा भरणा होता. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्य स्वरलिपी व व्हायोलिन शिकविण्याची पद्धत होती. ती विद्या घेऊन ही मंडळी पोटासाठी मुंबईस आली. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतील व्हायोलिनांचा तो भरगच्च ताफा आपण सर्वांनी ऐकला आहे. तो कागदावर उतरविणारे सेबॅस्टियन डिसोझा किती जणांना ठाऊक आहेत? माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे तर प्यारेलाल यांचे गुरू. शिष्याने गुरूची आठवण ठेवली म्हणून १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील एका गाण्यात ते नाव आले आणि देशभर पोरासोरांच्या तोंडी झाले. पण त्या नावाचा खराखुरा वादक मुंबईत होऊन गेला, हे गाणे म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत होते. माल बाजारात जातो, मजुराचे नाव आत राहते; हा अनुभव केवळ कापडाचा नव्हे.

या कारखान्यात पार्श्वसंगीताकडे एक खास काम सोपविलेले असते. ते मुकादमाचे काम. खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकावर ते देखरेख ठेवते. आता रडा, आता भ्या, हा मनुष्य दुष्ट आहे, ही आई आहे, तिच्यासाठी सारंगी. प्रेक्षक स्वतः विचार करू लागण्याच्या आतच त्याला सूर सांगून टाकतात. सगळेच चित्रपट असे नसतात, हे आम्ही मान्य करतो. ‘पथेर पांचाली’चे संगीत रविशंकरांनी एका बैठकीत, रात्रभरात वाजवून दिले अशी प्रसिद्ध हकीकत आहे, आणि त्यात मुकादमगिरीचा लवलेश नाही. पण तो अपवाद. आणि तेथेही नाव एकाचेच.

अशा कारखान्यात सबंध बँडच आणून बसविला तर काय होते? परदेशांत हा प्रयोग जुना आहे. इंग्लंडच्या ‘पिंक फ्लॉइड’ या मेळाने बार्बे श्रोडर या दिग्दर्शकासाठी १९६९ साली ‘मोर’ या चित्रपटाचे संगीत केले, आणि १९७२ साली त्याच्याच न्यू गिनीच्या जंगलावरील ‘ला व्हाले’ या चित्रपटासाठी पुन्हा. या दुसऱ्या वेळी त्यांच्या हातांत एक मोठे काम होते. पुढल्याच वर्षी ‘द डार्क साइड ऑफ द मून’ म्हणून जगभर गाजलेली ध्वनिमुद्रिका ती. ते काम बाजूला ठेवून ही मंडळी फ्रान्समध्ये एका जुन्या वाड्यातील स्टुडिओत गेली आणि थोड्या दिवसांत संगीत उरकून परतली. चित्र पाहायचे, स्टॉपवॉच लावून प्रसंगाची लांबी मोजायची आणि तेवढ्या लांबीचे वाजवायचे, अशी त्यांची पद्धत. ध्वनिमुद्रिकेचे नाव काय ठेवावे यावरून चित्रपट कंपनीशी बिनसले, तेव्हा मेळाने ती ‘ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्ज’ या आपल्याच नावाने बाजारात आणली. मग चित्रपटालाच आपल्या नावापुढे ते नाव जोडून घ्यावे लागले. मालकाने कामगाराच्या नावाची पाटी लावावी, असे प्रसंग इतिहासात थोडे.

आता इंडियन ओशनकडे वळू. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये दिल्लीत हा मेळ उभा केला. सुस्मित यांची गिटार ऐकताना कित्येकदा सतारीची आठवण होते. असीम तबला वाजवीत वाजवीत गात. बास गिटार वाजविणारे व गाणारे राहुल राम पुढच्याच वर्षी आले, आणि ढोलांच्या संचावर अमित किलम १९९४ मध्ये. अमित किलम ढोलांखेरीज गबगुबीही वाजवितात. बंगालच्या बाऊल भिक्षेकऱ्यांचे ते काखेत धरून तार खेचण्याचे वाद्य. तेव्हा तबला, गबगुबी, गिटार आणि विजेची बास यांची ही संगत. त्यांना रॉक म्हणावे की न म्हणावे यावर जाणकार वाद घालतात. आम्हांला त्या वादात गोडी नाही.

राहुल राम यांच्याविषयी मात्र दोन शब्द अधिक बोलावेसे वाटतात. हा गृहस्थ अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणातील विषद्रव्यांच्या शास्त्रात डॉक्टरेट घेऊन आला. ज्यांच्या विहिरींना तारापूरच्या रासायनिक कारखान्यांचा वास येतो त्या आम्हा लोकांना अशा विद्येची किंमत वेगळी सांगायला नको. नोकरी पत्करण्याऐवजी तो १९९० नंतरची काही वर्षे नर्मदा बचाव आंदोलनात राहिला. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या महाराष्ट्रातील गावांत मणिबेली हे पहिले. तेव्हा ते धुळे जिल्ह्यात होते, आज नंदुरबारमध्ये आहे. त्या खोऱ्यात लोक नर्मदेला उद्देशून जे गातात, त्यातूनच या मेळाचे ‘मा रेवा’ हे गाणे आले. ते त्यांच्या २००० सालच्या ‘कंदिसा’ या ध्वनिमुद्रिकेत आहे. तीतच केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांची अरामी भाषेतली प्रार्थना आहे आणि गोरख पांडे या बंडखोर हिंदी कवीची रचनाही आहे.

त्याआधीची त्यांची ‘डेझर्ट रेन’ ही ध्वनिमुद्रिका तर स्टुडिओत झालीच नाही. १ जानेवारी १९९७ रोजी दिल्लीत ‘सहमत’ संस्थेने भरविलेल्या उघड्यावरच्या कार्यक्रमात ती मुद्रित झाली. हा दिवस कोणता? १९८९ सालच्या १ जानेवारीस दिल्लीनजीक साहिबाबादच्या झंडापूर वस्तीत कामगारांपुढे ‘हल्ला बोल’ हे पथनाट्य चालू असताना सफदर हाश्मी यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. ते दुसऱ्या दिवशी वारले. राम बहादूर नावाचा एक कामगारही त्या हल्ल्यात मारला गेला. हाश्मींच्या स्मृतीसाठी ‘सहमत’ दरवर्षी त्या दिवशी जमते. ज्या मेळाची ध्वनिमुद्रिका अशा दिवशी, अशा गर्दीत तयार झाली, तो मुंबईच्या बॉम्बस्फोटांवरील चित्रपटाला संगीत देताना काय करील, याविषयी आम्हांला उत्सुकता वाटली ती यासाठी.

चित्रपटाची हकीकत थोडक्यात अशी. एस. हुसेन झैदी या मुंबईच्या गुन्हेवार्ताहराचे पुस्तक २००२ मध्ये निघाले. त्यावरून अनुराग कश्यप यांनी चित्रपट केला. १२ मार्च १९९३, शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला आणि पुढच्या दोन तासांत कथा बाजार, एअर इंडियाची इमारत, सेंच्युरी बाजार, दादरचे प्लाझा चित्रगृह, झवेरी बाजार असे एकामागून एक. २५७ माणसे मेली, सातशेंहून अधिक जखमी झाली. स्फोटक द्रव्य आले होते रायगडच्या शेखाडीसारख्या किनाऱ्यांवर होड्यांतून, आणि त्याला वाट दिली ती जकात खात्यातील व पोलिसांतील लाचखाऊंनी. चित्रपट हे सर्व खऱ्या नावांनिशी सांगतो. आणि शेवटच्या प्रकरणात तो मागे जातो, डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या दंगलींकडे. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली दिलेल्या अहवालाप्रमाणे त्या दंगलींत ९०० माणसे मारली गेली. आमच्या मते हे शेवटचे प्रकरण फार आखूड आहे. आयोगाने दंगली व स्फोट यांच्यामध्ये जो संबंध दाखविला तो पडद्यावर येतो, पण घाईने येतो.

अशा कथेला नेहमीचे पार्श्वसंगीत लावणे किती सोपे होते, पाहा. स्फोटाला नगारे, प्रेतांना शहनाई, गुन्हेगार दिसला की घोगरे सूर, पोलीस दिसला की बिगुल. यांपैकी काहीही येथे नाही. गिटारीचा एक लहान फेरा सुरू होतो आणि फिरत राहतो. खाली बास हळू पावले टाकते. तबला येतो, जातो. ज्याच्यावर कॅमेरा आहे तो बॉम्ब पेरणारा आहे की तपास करणारा, हे संगीतावरून ओळखता येत नाही. पुष्कळदा संगीत थांबतेच, आणि मग चौकीतला पंखा, रस्त्यावरची वाहने, मार खाणाऱ्याचा श्वास एवढेच ऐकू येते.

एक पाठलाग आहे. पोलीस एका संशयिताच्या मागे झोपडपट्टीतून धावतात, आणि हे धावणे काही केल्या संपत नाही. दहा-बारा मिनिटे चालते. पळणारा दमतो, पकडणारे त्याहून दमतात, दोघेही थांबून धापा टाकतात आणि पुन्हा धावू लागतात. परदेशी दिग्दर्शकांनीही या प्रसंगाची वाखाणणी केली आहे. एखाद्या वीराने पाठलाग करावा तसे संगीत येथे घातले असते तर सगळाच प्रसंग खोटा झाला असता. या मेळाने धावण्याला ताल दिला, पण शौर्याला दिला नाही. चाळीशीच्या पुढचा हवालदार गटार ओलांडताना जसा धावेल तसे ते वाजते.

दुसरा प्रसंग बादशहा खान नावाच्या आरोपीचा. स्फोटानंतर तो उत्तरेत गावोगाव पळत राहतो. पैसे संपतात. ज्यांनी कामाला लावले ते आधीच दुबईत; येथल्या हस्तकांकडून नुसती आश्वासने मिळतात. हे पाहताना आमच्या शेजारी बसलेला एक लूम ऑपरेटर हळूच म्हणाला, “दादा, हा तर आपल्या ठेकेदारासारखाच प्रकार. ठेकेदार पळाला, मजूर सापडला.” हसण्याचा तो प्रसंग नव्हता, तरी आम्ही दोघेही हसलो. बादशहा खानच्या हातून घडले ते अक्षम्यच. पण त्याला राक्षस करून टाकले की तो कसा तयार झाला, हा प्रश्नच मिटतो, आणि प्रश्न मिटला की पुढचा बादशहा खान तयार व्हायला मोकळीक मिळते. संगीत त्याची कीव करायला सांगत नाही, तिरस्कार करायलाही सांगत नाही. त्याच्याबरोबर फक्त चालत राहते.

गाणी थोडी आहेत. शब्द पीयूष मिश्रा यांचे. दिल्लीच्या रंगभूमीवर वाढलेला हा नट, कवी, गायक. त्यांतले ‘बंदे’ पुढे फार गाजले. पडद्यावर कुणी ओठ हलवीत नाही, नायक-नायिका नाहीत, झाडाभोवती फिरणे नाही. माणसाने माणसाला वाटेत अडवून थांब म्हणावे, असा त्याचा भाव आहे. आरंभ अगदी खालच्या आवाजात, मग हळूहळू मेळ चढत जातो आणि अखेरीस सर्वांचे गळे एकत्र येतात.

हा चित्रपट तयार होऊनही लोकांपुढे यायला दोन वर्षे उशीर लागला, आणि येथे आम्हांला थोडे थांबले पाहिजे. जानेवारी २००५ मध्ये तो प्रदर्शित व्हायचा होता. खटला तेव्हा टाडा न्यायालयापुढे चालू होता. आरोपींनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली: निकाल लागण्यापूर्वीच पडदा आम्हांला खऱ्या नावांनिशी दोषी ठरवितो, मग न्यायाधीशाने काय ठरवायचे? प्रदर्शन थांबले. सप्टेंबर २००६ पासून निकाल वाचला जाऊ लागला. १२३ आरोपींपैकी १०० दोषी ठरले, २३ सुटले. चित्रपट ९ फेब्रुवारी २००७ रोजी चित्रगृहांत आला. या मधल्या काळात संगीत मात्र मोकळे होते. ज्या प्रसंगांसाठी ते वाजविले ते प्रसंग कुणी पाहिले नव्हते, आणि लोक ते ऐकत होते.

बहुतेक कलावंत मंडळी या स्थगितीला गळचेपी म्हणतात. आमचे मत निराळे आहे. संपात खोट्या फिर्यादी अंगावर घेतलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. वर्तमानपत्रात ‘गुंड कामगार’ म्हणून छायाचित्र छापून आले, आणि सात वर्षांनी निर्दोष सुटल्यावर दोन ओळीही आल्या नाहीत, असा एक सहकारी आमच्याच युनियनमध्ये आहे. निकालाआधी नाव घेऊ नका, ही आरोपीची मागणी योग्यच होती. चूक होती ती खटला तेरा वर्षे चालविणाऱ्या व्यवस्थेची. आणि याचा पुढला दाखला तर आपल्याच मार्गावरचा आहे. ११ जुलै २००६ रोजी संध्याकाळी चर्चगेटहून सुटलेल्या लोकल गाड्यांत माटुंगा रोडपासून भाईंदरपर्यंत सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसे मेली. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरविले, त्यांतील पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष सोडले. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांनी त्या निकालाचा इतर खटल्यांत दाखला म्हणून उपयोग होण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठविले नाही. समजा २००७ साली कुणी त्या बारा जणांवर खऱ्या नावांनी चित्रपट काढला असता, तर? १९९३ च्या चित्रपटाला आपण थोर म्हणतो. तो थोर आहेही. तरी हा प्रश्न त्याच्या शेजारी ठेवूनच तो पाहावा.

जुलै २००६ नंतरचे ते दिवस आम्ही बोईसरला काढले. एका कारखान्यात रात्रपाळीच्या चार मुसलमान कामगारांना “सध्या येऊ नका” असे तोंडी सांगण्यात आले. लेखी काही नाही. कारखान्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही; असे सांगणारे ते एकटेच नव्हते. युनियनने दहाव्या दिवशी चौघांनाही कामावर परत घेववले. पण कामावर घेणे वेगळे आणि डब्याला शेजारी बसविणे वेगळे. कँटीनमध्ये ते चौघे एका बाकावर आणि बाकीचे खाते दुसऱ्या बाजूला, असे किती तरी महिने चालले. पुढे फेब्रुवारीत चित्रपट लागला. खात्यातली पाच-सहा तरुण पोरे सुटीच्या दिवशी तो पाहायला गेली, आणि त्यांच्या आग्रहाने आम्हीही गेलो. दुसऱ्या आठवड्यात एकाने डब्याच्या वेळी मोबाइलवर ‘बंदे’ मोठ्याने लावले.

“दादा, हे गाणं नक्की कुणाच्या बाजूचं?” एका जुन्या फिटरने आम्हांला विचारले. त्याच्या आवाजात राग होता.

गाणे संपेपर्यंत कुणी बोलले नाही, जेवलेही नाही. त्या चौघांतला एक जण मान खाली घालून ऐकत होता. त्यानंतर सगळे डबे एकत्र झाले असे सांगायला आम्हांला फार आवडले असते. तसे घडले नाही. डबे एकत्र आले ते त्या वर्षीच्या दिवाळी बोनसच्या वेळी, फाटकावर सलग तीन रात्री बसावे लागले तेव्हा. गाण्याने तो प्रश्न तेवढा मोठ्याने विचारायला लावला. फिटरचा तो प्रश्न मात्र आम्हांला संगीतावरच्या कोणत्याही टीकालेखापेक्षा मोलाचा वाटतो. पार्श्वसंगीताने नेहमी बाजू सांगितलेली असते, म्हणूनच ती न सांगितल्यावर माणूस चिडतो.

या ध्वनिमुद्रिकेत दोष नाहीत असे नव्हे. प्रसंगासाठी वाजविलेले काही तुकडे इतके लहान आहेत की चित्राशिवाय ते अर्धवट वाटतात. सुरू होतात न होतात तोच संपतात. दुसरे असे की, चित्रपटात जशा स्त्रिया जवळजवळ नाहीत तसा संगीतातही स्त्रीचा गळा नाही. त्या शुक्रवारी सेंच्युरी बाजारच्या बसथांब्याजवळ बायाही होत्या. हा मेळ चौघा पुरुषांचा होता हे कारण झाले, समर्थन नव्हे.

पुढची हकीकत थोडकीच. असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ रोजी वारले. करोल बागेतल्या ज्या जुन्या घरात ही मंडळी वर्षानुवर्षे तालमी करीत, त्याच्या पत्त्यावरूनच त्यांनी पुढच्या ध्वनिमुद्रिकेला ‘१६/३३० खजूर रोड’ हे नाव दिले, आणि २०१० साली तिची गाणी कंपनीच्या दारी न जाता लोकांना फुकट दिली. सुस्मित सेन २०१३ मध्ये मेळ सोडून गेले. राहुल राम व अमित किलम यांनी नव्या साथीदारांसह काम चालू ठेवले. बनारसच्या घाटांवरील ‘मसान’ या २०१५ च्या चित्रपटालाही संगीत इंडियन ओशनचेच आहे.

ज्यांना हे ऐकण्याची इच्छा होईल त्यांना एक व्यावहारिक सूचना. ‘बंदे’पासून आरंभ करू नये, ते इतके कानांवरून गेले आहे की आता ते नुसते गोड वाटते. आधी शब्द नसलेले तुकडे ऐकावेत, रात्री, घर निजल्यावर, आणि तबला कोठे गप्प बसतो तिकडे लक्ष ठेवावे. चित्रपट त्यानंतर पाहावा, आणि लहान मुलांना शेजारी बसवून पाहू नये.